पालक-शिक्षक संघ: सुरक्षेच्या प्रश्नावर कोणाच्या बाजूने?

शाळेत पाठवलेले मूल संध्याकाळी सुखरूप घरी यावे, ही पालकांची शाळेकडून असलेली पहिली आणि किमान अपेक्षा असते. ही अपेक्षा धोक्यात आल्याची शंका येते, तेव्हा पालकांना प्रथम आठवतो तो शाळेतील पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्रात शाळांमध्ये असा संघ स्थापन करणे बंधनकारक आहे. त्याच्या बैठका होतात, प्रतिनिधी निवडले जातात, नावे सूचनाफलकावर लागतात. मात्र तक्रार खुद्द शाळेविरुद्ध असते, तेव्हा हा संघ पालकांची बाजू खरोखर मांडतो का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांतील घटनांनी पुन्हा पुन्हा उपस्थित केला आहे.

संघ, शाळा व्यवस्थापन समिती, सखी सावित्री समिती, परिवहन समिती अशा अनेक यंत्रणांची नावे पालकांच्या कानावर पडत असतात. यांपैकी कोणाला किती अधिकार आहेत आणि कोणत्या तक्रारीसाठी कोठे जावे, याबाबत मात्र संभ्रम आढळतो. या यंत्रणांची रचना पाहिली, तर वरील प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

बदलापूरने काय दाखवले?

ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेच्या बालवर्गातील दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी हा शाळेत कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी होता आणि त्याची नेमणूक त्याच महिन्याच्या आरंभी झाली होती. पालकांनी तक्रार केल्यानंतर गुन्हा नोंदवण्यास पोलीस ठाण्यात अनेक तास लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर रेल्वे स्थानकावर लोहमार्ग अडवून धरला आणि मध्य रेल्वेची या भागातील वाहतूक अनेक तास विस्कळीत झाली.

त्यानंतर चक्रे वेगाने फिरली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. मुख्याध्यापिकेवर निलंबनाची कारवाई झाली. घटनेची माहिती मिळूनही पोलिसांना कळवली नाही, या आरोपावरून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर ‘पॉक्सो’, म्हणजेच लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यात आला. आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला आणि त्याच्यावरील खटला चालण्याआधीच संपुष्टात आला.

या घटनाक्रमात एक बाब ठळकपणे जाणवते. कारवाईला गती मिळाली ती पोलीस ठाण्याच्या दारात, रेल्वे रुळांवर आणि न्यायालयात. शाळेच्या आत पालकांसाठी असलेली कोणतीही समिती त्यात निर्णायक ठरल्याचे दिसले नाही. पालकांचा पहिला आवाज ज्या ठिकाणी ऐकला जावा, तेथे तो ऐकला गेला असता, तर पुढचा प्रक्षोभ कदाचित टळला असता.

संघाची रचना कशी असते?

महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून शासन निर्णयांद्वारे पालक-शिक्षक संघांना मान्यता मिळत गेली. त्यांना खरे वैधानिक स्थान मिळाले ते ‘महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११’ या कायद्याने. या कायद्यानुसार शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक संघाचे सदस्य ठरतात. संघाची कार्यकारी समिती नेमण्यासाठी इच्छुक पालकांमधून सोडत काढली जाते. मर्जीतील पालकांची निवड होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

परंतु याच कार्यकारी समितीचे अध्यक्षपद कायद्याने शाळेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा प्राचार्यांकडे सोपवले आहे. उपाध्यक्ष पालकांमधून आणि सचिव शिक्षकांमधून घेतला जातो. सहसचिव पालक असतात आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक सदस्य असतो. बैठकीचे अध्यक्षस्थान आणि इतिवृत्त, म्हणजेच चर्चा कोणत्या विषयावर व्हावी आणि ती कशी नोंदवली जावी, या दोन्ही गोष्टी यामुळे शाळेच्या हाती राहतात.

शुल्कवाढीच्या बाबतीत या रचनेला कायद्याने काही दात दिले आहेत. व्यवस्थापनाने सुचवलेले शुल्क कार्यकारी समितीपुढे ठेवावे लागते आणि तिची संमती घ्यावी लागते. मतभेद झाल्यास विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागण्याची तरतूद आहे. मात्र येथेही वाट अरुंद झाली आहे. कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीमुळे शुल्काविरुद्ध दाद मागण्यासाठी किमान २५ टक्के पालकांनी एकत्र येणे आवश्यक ठरले.

सुरक्षेच्या बाबतीत संघाला असा कोणताही निर्णायक अधिकार नाही. शौचालयाजवळ महिला सेविका नेमली नाही, नव्या कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी झाली नाही, जिन्याचा कठडा तुटलेला आहे, अशा कारणांसाठी संघाने ‘संमती नाही’ असे म्हटल्यास शाळेचे कामकाज थांबत नाही. संघ सूचना करू शकतो, आठवण देऊ शकतो, पाठपुरावा करू शकतो. पैशाच्या प्रश्नावर पालकांची संमती कायद्याने लागते आणि मुलांच्या जिवाच्या प्रश्नावर केवळ त्यांचे मत ऐकले जाते, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती आहे.

शाळा व्यवस्थापन समिती वेगळी कशी?

अनेक पालक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना एकच समजतात. प्रत्यक्षात त्या दोन भिन्न यंत्रणा आहेत. २००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन होते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. महाराष्ट्रात या समितीचे अध्यक्षपद पालकाकडे असते, तर मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही कामे तिच्याकडे आहेत.

कागदावर ही रचना पालकांना अधिक अनुकूल आहे. परंतु तिच्या व्याप्तीला मोठ्या मर्यादा आहेत. विनाअनुदानित खासगी शाळांना ही तरतूद लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांमध्ये आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांमध्ये या समितीची भूमिका केवळ सल्लागाराची राहिली. शिवाय हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी आहे. ज्या बालवर्गातील मुले स्वतःवर काय ओढवले हे नीट सांगूही शकत नाहीत, ती या कायद्याच्या मुख्य कक्षेबाहेर राहतात. बदलापूरमधील पीडित मुली याच वयोगटातील होत्या.

म्हणजेच पूर्ण अधिकार असलेली पालकांची समिती प्रामुख्याने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत आढळते. खासगी शाळेत भरमसाठ शुल्क देणाऱ्या पालकाच्या हाती उरतो तो मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील संघ.

अधिकार मिळाले, तरी निधी आणि प्रशासनाची साथ नसेल, तर समिती निष्प्रभ ठरू शकते, हेही लक्षात घ्यावे लागेल. राजस्थानमधील झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेच्या इमारतीचा भाग कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. इमारतीच्या अवस्थेबद्दल यापूर्वीच तक्रारी केल्या होत्या, असे ग्रामस्थांनी माध्यमांना सांगितले. या दुर्घटनेनंतर केंद्र सरकारने सर्व राज्यांना शाळांच्या सुरक्षा तपासणीचे निर्देश दिले.

कर्नाटकातील अनुभव

शेजारच्या कर्नाटकाने या प्रश्नाला काहीसे आधी हात घातला होता. डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षणविषयक कृती दलाच्या शिफारशीनंतर २००१ मध्ये तेथे ‘शाळा विकास व देखरेख समित्या’ अस्तित्वात आल्या. त्यांचे अध्यक्ष पालकांमधून निवडले जातात. पुढे या समित्यांचा राज्यस्तरीय समन्वय मंचही उभा राहिला. एका गावातील, एका शाळेतील पालक एकटा पडू नये, यासाठी समित्यांनी एकमेकांशी जोडून घेणे, हा त्यातील महत्त्वाचा धडा आहे.

तथापि येथेही सरकारी आणि खासगी शाळांमधील अंतर कायम राहिले. जुलै २०१४ मध्ये बंगळूरूमधील एका खासगी शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचाराची घटना उघडकीस आली, तेव्हा पालक मोठ्या संख्येने शाळेसमोर आणि रस्त्यावर उतरले. घटना दडपल्याच्या आरोपावरून शाळेच्या अध्यक्षांना अटक झाली, शहराचे पोलीस आयुक्त बदलण्यात आले आणि शाळांसाठी सुरक्षेचे नवे निर्देश निघाले. दहा वर्षांनी बदलापूरमध्ये घडलेला क्रम याहून फारसा निराळा नव्हता. दोन्ही ठिकाणी पालकांचा आवाज शाळेच्या फाटकाबाहेर गेल्यावरच ऐकला गेला.

सुरक्षेचा प्रश्न केवळ अत्याचारापुरता मर्यादित नाही. मैसूरू शहरातील देवराज मोहल्ला आणि त्याच्या लगतचा परिसर याचे उदाहरण म्हणून पाहता येईल. जुनी बाजारपेठ, संस्थानकाळातील वास्तू, शाळा-महाविद्यालये आणि दिवसभराची वर्दळ असा हा शहराचा मध्यवर्ती भाग. येथील लॅन्सडाउन इमारतीचा भाग २५ ऑगस्ट २०१२ रोजी कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये देवराज मार्केटचा एक भाग पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये शहरातील महाराणी महिला विज्ञान महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीचा भाग ढासळला. विद्यार्थिनींना वेळीच बाहेर काढल्यामुळे जीवितहानी टळली.

अशा जुन्या वस्तीतील शाळेची भिंत किती भक्कम आहे, हे पालकांना बाहेरून पाहून सांगता येत नाही. रंगरंगोटी केलेली इमारत आतून पोकळ झालेली असू शकते. अशा वेळी अभियंत्याने केलेल्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागणे, हे पालकांच्या संघटनेचे काम ठरते. एकट्या पालकाला तो अहवाल दाखवण्यास शाळा टाळाटाळ करू शकते. संघाच्या बैठकीत रीतसर ठराव करून तो मागितला गेल्यास नकार देणे अवघड जाते.

संघ कोठे उपयोगी पडतो?

पालक-शिक्षक संघ निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. पिण्याचे पाणी, शौचालयांची स्वच्छता, शाळा सुटताना फाटकावर होणारी गर्दी, बसच्या वेळा, प्रथमोपचार पेटी अशा दैनंदिन प्रश्नांवर अनेक संघ चांगले काम करतात. येथे शाळा आणि पालक यांचे हित परस्परविरोधी नसते. त्यामुळे मुख्याध्यापकांचे अध्यक्षपद अडचणीचे ठरण्याऐवजी सोयीचेच ठरते, कारण निर्णय आणि अंमलबजावणी एकाच हाती असते.

शालेय वाहतूक हे याचे बोलके उदाहरण आहे. महाराष्ट्रात २०११ मध्ये स्कूल बसविषयी स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असले, तरी तिच्यात पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीबरोबरच वाहतूक पोलीस आणि मोटार वाहन विभागाचे अधिकारीही असतात. शाळेबाहेरील, अधिकार असलेली व्यक्ती त्याच टेबलावर बसलेली असल्यामुळे पालकाच्या म्हणण्याला वजन येते. या नियमांची अंमलबजावणी होत नसल्याचे लक्षात आल्यावर ‘पीटीए युनायटेड फोरम’ या मुंबईतील पालकांच्या मंचाने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. एका शाळेच्या संघाला न पेलणारे काम अनेक शाळांतील पालकांच्या मंचाने हाती घेतले, हे येथे महत्त्वाचे आहे.

पालक गप्प का राहतात?

तक्रार शाळेविरुद्ध असते, तेव्हा चित्र पालटते. आपण बोललो तर मुलाला वर्गात वेगळी वागणूक मिळेल, ही भीती पालकांच्या मनात असते. वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळणे सोपे नसते. संघातील इतर पालकांनाही आपापल्या मुलांची काळजी असते. शाळेचे नाव खराब झाले तर सर्वांचेच नुकसान होईल, असा युक्तिवाद पुढे येतो. परिणामी पीडित कुटुंबाला आधार देण्याऐवजी प्रकरण शाळेतच मिटवण्याचा सल्ला दिला जातो.

या ठिकाणी कायदा अत्यंत स्पष्ट आहे. ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत मुख्याध्यापक येतात, शिक्षक येतात आणि संघाचे पालक सदस्यही येतात. माहिती न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीच्या गुन्ह्याची माहिती न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद कलम २१ मध्ये आहे. त्यामुळे अशा प्रकरणात ‘आधी संघाच्या बैठकीत चर्चा करू’ ही भूमिका घेता येत नाही. संघाने चौकशी करणे अपेक्षित नाही. त्याने कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात जाणे अपेक्षित आहे.

याच कायद्याने बालकाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. पालकांच्या मोबाइल गटांवर नाव, वर्ग किंवा छायाचित्र फिरवणे हाही गुन्हा ठरू शकतो. पीडित कुटुंबाच्या बाजूने बोलताना ही मर्यादा पाळणे, हेही संघाचेच कर्तव्य आहे.

शिक्षकांचीही एक बाजू आहे. संघ हा सहकार्यासाठी आहे. तो केवळ तक्रारींचे व्यासपीठ बनला, तर शिक्षक आणि पालक यांच्यातील विश्वास उरणार नाही, असे त्यांना वाटते. अफवेच्या आधारे एखाद्या निरपराध कर्मचाऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते, ही भीतीही अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु याचा अर्थ तक्रार दाबावी असा होत नाही. उलट, तक्रार योग्य त्या स्वतंत्र यंत्रणेकडे तत्काळ जाणे हेच निरपराध व्यक्तीच्याही हिताचे असते.

बदल कोणी घडवले?

शालेय सुरक्षेतील मोठ्या सुधारणांचा इतिहास पाहिला, तर त्यामागे बहुधा शाळेअंतर्गत समित्यांऐवजी शोकाकुल कुटुंबे, त्यांच्या संघटना किंवा न्यायालये उभी असल्याचे दिसते. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभात लागलेल्या आगीत ४४२ जणांचा मृत्यू झाला. मृतांच्या कुटुंबीयांनी स्वतःची संघटना बांधून दीर्घकाळ लढा दिला आणि २००९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांमधील अग्निसुरक्षेविषयी निर्देश दिले आणि सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

गुरुग्राममधील एका शाळेत सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यार्थ्याची हत्या झाल्यानंतर त्याच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणारी केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०२१ मध्ये जारी झाली, त्यामागे हीच न्यायालयीन प्रक्रिया होती.

परदेशातील अनुभवही असाच आहे. वेल्समधील अ‍ॅबरफॅन या खाणगावात खाणीतील टाकाऊ मातीचे ढिगारे शाळेच्या वरच्या डोंगरावर रचलेले होते. ढिगाऱ्याकडून येणारे पाणी शाळेच्या परिसरात साचते, अशी तक्रार करणारे निवेदन १९६५ मध्ये मुलांच्या मातांनी मुख्याध्यापिकेकडे दिले. त्यांनी ते स्थानिक परिषदेकडे पाठवले. ढिगारा मात्र तेथेच राहिला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो घसरला आणि ११६ मुलांसह १४४ जणांचा बळी गेला. दुर्घटनेनंतर पालक आणि रहिवाशांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. उरलेले ढिगारे हटवण्यासाठी तिने सरकारशी संघर्ष केला आणि ते हटवलेही गेले. मात्र त्या खर्चापोटी सरकारने मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ही रक्कम १९९७ मध्ये परत करण्यात आली.

अ‍ॅबरफॅनमधील मुख्याध्यापिकेने निवेदन दडपले नव्हते, पुढे पाठवले होते. त्यांचाही त्या दुर्घटनेत मृत्यू झाला. शाळाप्रमुख प्रामाणिक असूनही, पुढील यंत्रणेला उत्तर देण्यास भाग पाडण्याची ताकद पालकांकडे नसेल, तर निवेदन कागदावरच राहते, हे या घटनेतून दिसते.

महाराष्ट्रात नंतर काय झाले?

मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने शाळा, केंद्र आणि तालुका अथवा शहर पातळीवर ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा निर्णय घेतला होता. शाळांमध्ये तक्रारपेटी बसवण्याचे आदेश त्याआधीपासून होते. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या शासन निर्णयात सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे, त्यातील चित्रीकरण नियमित तपासणे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटीचा वापर आणि अनुचित घटनेची माहिती २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना देणे यावर भर देण्यात आला. उच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींच्या आधारे मे २०२५ मध्ये राज्याने सुरक्षाविषयक उपाययोजनांचा नवा शासन निर्णय जारी केला.

आदेशांची उणीव नाही, हे यावरून स्पष्ट होते. २०२२ चा निर्णय अस्तित्वात असतानाच बदलापूरची घटना घडली. उणीव आहे ती शाळेच्या पातळीवर या आदेशांचा हिशेब मागणाऱ्याची. कॅमेरा बसवला आहे, पण तो चालू आहे का? तक्रारपेटी आहे, पण ती कोण उघडतो? समिती आहे, पण तिची शेवटची बैठक कधी झाली? हे प्रश्न शिक्षणाधिकारी रोज येऊन विचारू शकत नाहीत. ते विचारू शकतो तो रोज फाटकाशी उभा राहणारा पालक.

पालकांनी काय पाहावे?

आपल्या शाळेतील संघ किती उपयोगी आहे, हे जाणून घेण्यासाठी काही साध्या बाबी पुरेशा आहेत. कार्यकारी समितीची निवड खरोखर सोडतीने झाली का? सुरक्षेचा विषय प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर असतो का? इतिवृत्त सर्व पालकांना वाचायला मिळते का? पडताळणी, अग्निसुरक्षा, इमारत तपासणी आणि बसची योग्यता यांची प्रमाणपत्रे मागितल्यास दाखवली जातात का? मुख्याध्यापकांविरुद्ध किंवा व्यवस्थापनाविरुद्ध तक्रार असल्यास त्या विषयापुरते उपाध्यक्ष पालकाने बैठकीचे संचालन करावे, अशी प्रथा पाडली आहे का?

तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत यांपैकी कोणत्याही पायरीची वाट न पाहता थेट पोलिसांकडे जावे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या वेशात घ्यावा, अशी तरतूद कायद्यात आहे.

पालक-शिक्षक संघ कुटुंबांची बाजू घेतात का, या प्रश्नाचे उत्तर तक्रार कोणाविरुद्ध आहे यावर अवलंबून आहे. शाळेच्या सोबतीने सोडवायच्या प्रश्नांत संघ बहुधा उपयोगी ठरतात. शाळेला उत्तर द्यावे लागेल अशा प्रश्नांत त्यांची रचनाच त्यांना अडवते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच अध्यक्षतेखाली तिची सुनावणी होत असेल, तर सदस्यांच्या सद्भावनेवर फार विसंबून राहता येत नाही. शुल्कासाठी संमतीचा अधिकार देणारा कायदा महाराष्ट्राने २०११ मध्ये केला. सुरक्षेची प्रमाणपत्रे पाहण्याचा आणि ती नसल्यास दाद मागण्याचा तसाच स्पष्ट अधिकार पालकांच्या समितीला मिळेपर्यंत, संघाच्या बैठकीस जाणाऱ्या पालकाने तक्रारीची एक प्रत शाळेबाहेरच्या यंत्रणेकडेही पाठवणे श्रेयस्कर ठरेल.